पदरची बांगडी

बांगडीचं माप मनगटावरून घेत नाहीत. मनगट सगळ्यांचं बारीकच असतं. अडचण असते अंगठ्याच्या मुळाशी. तिथलं हाड तळव्याकडे किती दबतं, यावर माप ठरतं. म्हणून कासारीण आधी हात हातात घेते, अंगठा आत दाबून बघते आणि मग माळेतून बांगड्या सोडते. एकदा दाबलेला हात मी विसरत नाही. चेहरे विसरते. बाजारात एखादी ओळख दाखवून हसली की मी उगाच हो म्हणते आणि तिचा हात धरते. मग खरोखर ओळखते.

कल्याणातल्या मुलींच्या शाळेच्या मास्तरांनी हे लिहायला सांगितलं. मी मोठेपणी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच दुपारच्या वर्गात. त्यांचे स्नेही मासिक काढतात आणि दिवाळीच्या अंकात त्यांना कारागीर बायकांचे अनुभव हवे आहेत. "खुशाल लिहा, कासारीणबाई," मास्तर म्हणाले, "फक्त भुताखेताचं नको. मासिक सुधारणेचं आहे." मी भुताचं लिहीत नाही, मापाचं लिहिते. वाचणाऱ्यांनी त्यातून काय काढायचं ते काढावं.

आमचं काम दिसायला सोपं. पाण्याचा हात लावायचा, बोटं जुळवायची, अंगठा आत घ्यायचा आणि काच सरकवायची. पण निम्मं काम समोरचीनं करायचं असतं, हात सैल सोडून. घाबरलेला हात लाकडासारखा होतो. लग्नातल्या नवऱ्या रडतात, तेव्हा मी त्यांना काल भाजी काय केली होती ते विचारते. आठवायला लागल्या की हात सुटतो. शहाडच्या एक पाटलीणबाई बांगड्या भरता भरता झोपायच्या, घोरायच्या सुद्धा. त्यांच्यासारखं सोपं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

सवाष्ण बाई गेली की तिलाही हिरव्या बांगड्या भरतात, तेव्हाही आम्हाला बोलावणं येतं. पुष्कळ कासारणी जात नाहीत, मी जाते. तो हात विरोध करत नाही आणि मदतही करत नाही. जिवंत बाई आपल्याकडून किती काम करत असते, ते तिथं कळतं.

आमच्या घराची एक रीत आहे. दोन्ही हात भरून झाले की उजव्या हातात एक बांगडी आम्ही आमच्या पदरची चढवतो. "सुखी राहा" म्हणायचं आणि उठायचं. ती चढल्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही मानत नाही. ती फक्त लेकीसुनांना.

आता रंगनाथाचं सांगते.

दहाएक वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एक संगीत नाटकमंडळी कल्याणात उतरली आणि तळ्याजवळ मांडव घातला. त्यातला नायिकेचं काम करणारा गवई म्हणजे हा रंगनाथ. वय एकोणीस-वीस असेल. एके सकाळी मंडळींचा तबलजी मला बोलवायला आला. आधी त्यांच्याकडे लाखेच्या बांगड्या होत्या, त्या रंगनाथानं काढून टाकल्या होत्या.

"लाखेला आवाज नसतो, मावशी," तो म्हणाला. "हात खाली आला की काच वाजली पाहिजे. त्या आवाजावर मी पुढची तान उचलतो."

पुरुषाचा हात मी कधी भरला नव्हता. म्हटलं, हाडं दबायची नाहीत. पण त्यानं तळवा खाली करून हात पुढे केला आणि अंगठा आपणहून आत घेतला, अगदी मुळापासून. असं कुणी करत नाही. अंगठा आम्हालाच दाबावा लागतो. हात मोठा, बायकांच्या चालू मापाहून दोन मापं वरचा, पण मऊ. फक्त उजव्या तर्जनीच्या पेराला आतल्या बाजूनं घट्टा होता, भाजलेल्या शेंगदाण्याएवढा. तंबोऱ्याच्या तारेनं पडलेला.

एवढ्या मापाच्या हिरव्या बांगड्या माझ्याकडे मोजक्याच होत्या. त्यातली एक चढवताना वाढली. फुटली असं आम्ही म्हणत नाही. मग त्या मापाची एक काळी होती, ती घातली. काळी बांगडी मी ठाकुर्लीकडच्या आगरी बायकांसाठी ठेवते. मिठागरात राबून त्यांचे हात रुंद झालेले असतात आणि दृष्ट लागू नये म्हणून हिरव्या चुड्यात त्या एक काळी भरतात.

हात भरून झाले. मी माळा आवरायला लागले.

"आणि पदरची?" तो म्हणाला. "तबलजी सांगत होता, तुमच्याकडे एक पदरची असते."

"ती लेकीसुनांना."

"मी रात्री बारापर्यंत कुणाची तरी सून असतो, मावशी."

"आत्ता सकाळ आहे," मी म्हटलं.

तो हसला. "बरं. राहिली म्हणायची."

त्या रात्री दिव्याच्या उजेडात हिरव्यातली ती एक काळी चिकाच्या पडद्याआड बसलेल्या सगळ्या बायकांनी पाहिली. दोन दिवसांत मला दारोदार थांबवायला लागल्या. "कासारणी, रंगूची बांगडी आहे का गं?" नाव त्यांनीच पाडलं. उजव्या हातात, हिरव्यांच्या मधोमध, एकच काळी. पुढे लुगड्याचा पदर त्याच्यासारखा खांद्यावरून ओघळता सोडायला लागल्या. मुलगे त्यांच्याही पुढे गेले. शेंडीभोवतीचे केस वाढवून मधोमध भांग, गळ्यात तांबडा रेशमी रुमाल आणि बोलताना मान एका बाजूला कललेली. मुलांच्या शाळेत हजेरी घेतली की अर्धा वर्ग वाकड्या मानेनं "हजर" म्हणायचा.

मंडळी ठाण्याला गेली तरी हे थांबलं नाही. तेव्हा संक्रांतीनंतर राममंदिरात सभा भरली. शास्त्रीबुवा, मास्तर, गावातले वकीलसाहेब सगळे होते, मलाही बोलावणं होतं. मी पायरीवर बसले.

शास्त्रीबुवांनी सुरुवात केली. "आज बांगडी, उद्या कुंकू. नाटक्याला बघून लेकीसुना नटणार असतील तर घर आणि मांडव यात फरक काय?"

मास्तर म्हणाले, "माणूस कुणाला तरी बघूनच नेसतो, बुवा. राजाचं बघून पागोटं बांधलं तर ती रीत, साहेबाचं बघून बूट घातले तर ती प्रतिष्ठा. गाणाऱ्याचं बघितलं की मात्र धर्म बुडतो."

सगळ्यांनी वकीलसाहेबांच्या पायांकडे पाहिलं.

"बूट मी बाहेर काढलेत," वकील म्हणाले. "आणि मास्तर, साहेबाचं अनुकरण करून निदान पोट भरतं. या पोरट्याचं करून काय होणार? मुलगे गवई होणार, आणि मुली?"

"मुली गातील."

"तेच म्हणतोय मी."

 मग शास्त्रीबुवा माझ्याकडे वळले. "कासारणी, सवाष्णीच्या हातात काळी काच भरताना तुला काही वाटत नाही?"

"मागतात म्हणून भरते, महाराज. आगरी बायका पिढ्यान्पिढ्या भरतायत. त्यांचे नवरे धडधाकट आहेत. एकदोघींचे तर जरुरीपेक्षा जास्त."

मागे बसलेले हसले, पण ठराव झालाच. मुलांचे केस उतरवायचे, मुलींच्या काळ्या बांगड्या पाडव्याच्या आत काढायच्या आणि मी नव्या भरायच्या नाहीत. मुलांचं न्हाव्यानं एका सकाळीत निपटलं. वकिलांचा मुलगा मुंबईला कॉलेजात होता, तो सुट्टीला आला तेव्हा त्याचीही मान सरळ झाली. मुलींच्या बांगड्या मी घरोघर जाऊन सरकवून काढल्या. त्या काढल्या म्हणून कुणाचं काही अडलं नाही, आणि भरल्या होत्या म्हणूनही काही बिघडलं नव्हतं. एवढ्यासाठी सभा भरवणाऱ्यांना दुसरा उद्योग नसावा, असं माझं मत होतं.

त्याच सुमारास तबलजी आला. एकटाच. आमच्या ओसरीवर बसला, पाणी प्यायला.

"रंगनाथ गेला, मावशी. ठाण्याला. चार दिवस ताप होता."

मी तांब्या पुन्हा भरून त्याच्यापुढे ठेवला.

"तुमच्या बांगड्या निघेनात. फोडायला कुणाचा हात होईना, त्याला विधवा करतोय असं वाटायला लागलं. तशाच ठेवल्या." मग म्हणाला, "तापात सारखं म्हणत होता, एक राहिली, एक राहिली. आम्हाला वाटलं, एखादी चीज गायची राहिली असेल."

माघ संपता संपता वकिलांच्या माईंचं बोलावणं आलं. माई म्हणजे वकिलांची बायको. त्यांची सून यमुना पंधरा वर्षांची, माहेर ठाण्याचं. सभेत ठराव ज्यांनी मांडला त्यांच्याच घरात शेवटची काळी बांगडी उरली होती.

"निघत नाही गं," माई म्हणाल्या. "आणि ती हात देत नाही. पदराखाली धरून बसते. दुपारी सगळे निजले की मागच्या पडवीत गाते. घरात कुणी गाणारं नाही, तिच्या माहेरीही नाही. कुठनं आलं हे?"

"नाटकातलं ऐकलं असेल."

"नाटकातलं ओळखता येतं मला. हे त्यातलं नाही."

मी पडवीत गेले. भरदुपारची वेळ, विहिरीवरचा रहाट थांबलेला. यमुना भिंतीशी बसली होती. मला पाहून उठली नाही. मी समोर बसले आणि म्हटलं, "बघू." तिनं हात बाहेर काढला. तळवा खाली. अंगठा आत घेतलेला.

मी हात धरला. गार नव्हता. मी तेच आधी पाहिलं. ऊबदार, जिवंत हात होता. पण ती काळी बांगडी यमुनेला मी स्वतः भरली होती, तिच्या मापाची, आणि ती सहज गेली होती. आता ती मांसात रुतली होती, त्या हातातल्या हिरव्या एकेक करून आपोआप वाढल्या होत्या आणि ही तेवढी उरली होती. पहिल्यांदा सूज वाटली. सूज दाबली की खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो. इथं खड्डा पडेना. अंगठ्याच्या मुळाचं हाडच रुंद होतं, दोन मापांनी. वरून बघताना हात यमुनेचाच, सावळा, बारीक बोटांचा. डोळे मिटून धरला की तो तिचा नव्हता. मी बोटांवरून बोट फिरवत गेले आणि उजव्या तर्जनीच्या पेराशी, आतल्या बाजूला, थांबले.

"घरात तंबोरा आहे का?" मी मागोमाग आलेल्या माईंना विचारलं.

"तंबोरा कुठला गं आमच्याकडे."

मी हात खाली ठेवला. "आज नको. उन्हानं हात फुगलाय," म्हटलं आणि घरी आले. खोटं बोलायची मला सवय नाही, पण खरं काय ते तरी मला कुठं ठाऊक होतं.

चार दिवसांनी माई स्वतः आमच्या दारी आल्या. कासाराच्या दारी अशा बायका येत नाहीत. "पाडव्याच्या आत ती बांगडी गेली नाही तर हे यमुनेला ठाण्याला पोचवणार," त्या म्हणाल्या. "कायमची. सभेपुढे शब्द दिलाय म्हणतात. शास्त्रीबुवांनी मुलासाठी दुसरं स्थळ सुद्धा सुचवलंय. पोरीला काही झालंय अशी गावात कुजबुज आहे, एकदा परत पाठवली की तिला कोण पदरात घेणार?"

"वाढवून टाकू मग. एक टिचकी पुरे."

"माझा मुलगा जिवंत आहे, कासारणी. सुनेच्या हातातली बांगडी मी फोडू देणार नाही. सरकवूनच काढ."

म्हणजे न फोडता काढायची, तीही अशा हातातून, ज्यातून ती निघूच शकत नाही. धंद्याच्या हिशेबानं हे होणारं काम नव्हतं. निघताना मी माळा खांद्यावर घेतल्या आणि आगरी बायकांच्या मापाच्या हिरव्या बांगड्यांची गुंडी, म्हणजे दोऱ्यात ओवलेली जुडी, तीही सोबत घेतली. का घेतली, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

पडवीत तीच दुपार, तीच भिंत. मी माईंना आत बसायला सांगितलं. त्या दाराआड उभ्या राहिल्या, ते मला दिसत होतं.

यमुना गुणगुणत होती. आवाज तिचाच, पातळ, पण एकेका ठिकाणी ती थांबायची आणि हात किंचित खाली आणायची. काच वाजली की पुढे उचलायची. एकाच बांगडीला वाजायला सोबत नसते, ती दुसऱ्या हातातल्या हिरव्यांवर हलकेच आपटायची. मी ऐकत बसले. मला गाण्यातलं कळत नाही. बांगडीचा आवाज मात्र कळतो, आणि तो बरोबर ठिकाणी पडत होता.

"यमू, माहेरी जायचंय का तुला?"

तिनं मान हलवली. नाही. डोळ्यांत पाणी आलं. ती मात्र यमुनाच होती, त्यात शंका नाही.

"मग हात सैल सोड, बाळ."

"मी सोडलाय, मावशी," ती म्हणाली. "तो सोडत नाही."

मी हात धरला. पाणी लावलं, दाबून पाहिलं. तसूभर हलेना. जोर केला असता तर काच गेली असती आणि यमुनेचं इथलं घरही गेलं असतं. मी थांबले. मेलेल्या बायकांचे हात मी भरलेत, म्हणून सांगते, तो हात तसा नव्हता. तो मदत करायला तयार होता. अंगठा मुळापासून आत घेऊन वाट बघत होता. काढायची नव्हे, घालायची वाट.

मी गुंडीतून एक हिरवी सोडली. दोन मापं मोठी, यमुनेच्या हातात कोपरापर्यंत जाईल अशी. बोटांवरून चढवली. मुळाशी ती अडली, जशी योग्य मापाची बांगडी अडते तशी. मी अंगठा दाबला आणि ती नेमकी बसली, काळीच्या शेजारी.

"सुखी राहा," मी म्हटलं. कुणाला म्हटलं, ते मला विचारू नये.

तो हात माझ्या हातात सैल झाला. मी इतके हात धरले, पण असं कधी अनुभवलं नाही. हाताच्या आतून काही तरी मागे सरकत गेलं, मनगटाकडून कोपराकडे, जसा विहिरीतून वर आलेला दोर हातातून परत आत जातो. माझ्या बोटांत एक लहान, हाडकुळा, घामेजलेला हात उरला. तर्जनी गुळगुळीत. काळी बांगडी मी ओढली सुद्धा नाही. हात खाली कलता केला आणि ती माझ्या ओच्यात पडली.

दाराआड माईंनी श्वास सोडलेला ऐकू आला. यमुना आपल्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "भूक लागलीय."

मी उठले. काम पुरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी माई पुन्हा आल्या. आता चेहऱ्यावर नेहमीची तक्रार होती, ती बघून बरं वाटलं. त्यांनी पदरातून ती हिरवी बांगडी काढून माझ्यापुढे ठेवली, अखंड. "सकाळी पाणी शेंदताना हातातून निसटली, विहिरीत जायची वाचली. कसलं माप दिलंस गं? तिच्या दोन मुठी मावतील यात."

"चुकलं असेल," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. पण वकिलांच्या घरच्यांना हे सांगून काय उपयोग होता?

यमुना नांदली. पाडवा झाला, सभा विसरली गेली आणि दोन वर्षांत मुलग्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी बघून केस वाढवले. शास्त्रीबुवांनी पुन्हा सभा घेतली, तिला कुणी गेलं नाही. यमुनेचे हात मी दर सणाला भरते. आता ती दोन मुलांची आई आहे. त्यानंतर मात्र ती कधी गायली नाही. पाळण्यापाशीही नाही. मास्तरांशी एकदा बोलताना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ठराव नेमका तिलाच लागला. मी म्हटलं, ठराव नव्हे.  पोरीचं काय वाचवलं ते मला माहीत आहे. काय गेलं, ते मी पडवीत ऐकलंय, आणि मला गाण्यातलं कळत नाही.

ती मोठ्या मापाची बांगडी माझ्याकडेच आहे. वापरलेली काच आम्ही विकत नाही. एक बदल मात्र मी केला. पदरची बांगडी आता मी शेवटी चढवत नाही, सगळ्यांत आधी चढवते. हात कुणाचाही असो. सासूबाई असत्या तर रीत मोडली म्हणून बोलल्या असत्या. आमच्यातल्या इतर कासारणी बोलतातच. एकीनं तर तोंडावर विचारलं, "उद्या बापयांना पण भरशील का पदरची?" मी म्हटलं, "मागितली तर भरीन."

या श्रावणात यमुनेच्या मुलीला पहिल्यांदा बांगड्या भरल्या. सहा वर्षांची पोर, समोर मांडी घालून बसली. पहिल्या खेपेला पोरी मुठी आवळतात, रडतात, म्हणून मी भाजीचा प्रश्न तयार ठेवला होता. तिनं तळवा खाली करून हात पुढे केला आणि अंगठा आपणहून आत घेतला.

"कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही."

मी यमुनेकडे पाहिलं. ती खाली मान घालून वाती वळत होती. मी पोरीचा हात धरला, चाचपला. लहानसा हात, अगदी लहान माप, त्याच्यात दुसरं काही नव्हतं. पदरची बांगडी आधी चढवली, सुखी राहा म्हटलं. तिनं हात कानाशी नेऊन काच वाजवून पाहिली आणि गुणगुणायला लागली.

यमुनेचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोरीला गप्प कर, असं मी म्हणावं की काय, ते ती माझ्या तोंडावर वाचत होती.

मी माळेतून दुसरी बांगडी सोडली आणि म्हटलं, "हं, पुढचं म्हण. हात सैल राहतो."